कोबीच्या पानाखाली

अंबरनाथ पूर्व
३० डिसेंबर २०२४

भीमाभाऊ ज्यांच्या मळ्यातला कोबी विकतात, त्या घरच्यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. स्टेशनच्या पूर्वेला भाजीवाले बसतात, त्या गल्लीमागच्या सोसायटीत मी राहते. दोन वर्षं भीमाभाऊंकडूनच भाजी घेते. कोवळी असते, वजनाला खोट नसते. तक्रार म्हणून ही चिठ्ठी लिहीत नाही, हे आधी सांगते.

काल आणलेला कोबी चिरायला घेतला आणि औषधाचा उग्र वास आला. पाण्यात ठेवला, मीठ घातलं, तरी वास गेला नाही. शेवटी टाकून दिला. पण टाकण्याआधी पानं उलटून पाहिली. सवय आहे मला. मागच्या बाजूला हिरव्या बारीक अळ्या होत्या, अगदी जिवंत. एकीला काडी लावली तर उलट्या पावली वळवळत मागे गेली आणि पानावरून टपकून स्वतःच्या धाग्याला लोंबकळत राहिली.

म्हणजे औषध कोबीत आहे, आणि अळीला त्याचं काही वाटत नाही. मला तुमची काळजी वाटली. फवारणी कोण करतं? हातमोजे घालतात का?

उत्तर दिलंत तर भीमाभाऊंबरोबर पाठवा. फोनचं मला जमत नाही.

उमा साठे


बारवीकडचा पाडा, बदलापूर
३ जानेवारी २०२५

उमा मॅडम यांना रविनाचा नमस्कार.

मी भीमाबाबांची सून. बारावी झालेली आहे, म्हणून चिठ्ठी माझ्या हातात दिली. बाबा म्हणाले, "बघ काय लिवलंय, बाय, बहुतेक पैसं परत मागते."

आधी खरं सांगते, मला राग आला. आमच्या घरात मीच एकटी नाही, सगळ्यांनाच आला. तुम्ही नगरपालिकेच्या आहात का, असं माझ्या सासूबाई चंद्री विचारतात. आम्ही दिवसभर वाकून मळा करतो, त्याला वास येतो म्हटलं की जिवाला लागतं.

बाबांचं आणखी एक म्हणणं आहे, तेही लिहिते. ते म्हणतात, ती बाई गर्विष्ठ हाय. हाक मारली तरी मान वळवत नाय. भाव सांगितला तरी ऐकल्यासारखं करत नाय, नुसती नोट पुढं करते.

पण अळीचं तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच आहे. उलटी वळवळते, धाग्याला लटकते. पानाला खरवडून खाते, वरचा पापुद्रा तेवढा ठेवते, मग पान काचेच्या खिडक्या लावल्यासारखं दिसतं. माळावरचा तुकडा आम्ही पाऊस सरताना लावला होता, त्यातला निम्मा गड्डा पोखरलेला निघाला. आता भात कापलेल्या खाचरात दुसरी लावणी आहे. ती पण गेली तर यंदाचा मळा संपला. नितीन, म्हणजे माझे मालक, पुन्हा वीटभट्टीवर जायचं म्हणतात. मागच्या साली गेलो होतो आम्ही दोघं. मला परत नाही जायचं.

फवारणी तेच करतात. पहिल्यांदा एक औषध मारायचे, आता तीन एकत्र करतात. दुकानदार म्हणाला जोर वाढवा. हातमोजे नाहीत. कोणीच घालत नाही इकडं.

तुम्हाला अळीचं एवढं कसं माहीत?

रविना


अंबरनाथ पूर्व
६ जानेवारी २०२५

प्रिय रविना,

राग आला आणि तो लिहिलास, हे बरं केलंस. आता भीमाभाऊंचा राग आधी घालवते. त्यांना सांग, मी गर्विष्ठ नाही, मला ऐकू येत नाही. तीन वर्षांपूर्वी ताप आला आणि दोन्ही कान जवळजवळ गेले. यंत्र लावलं की बाजारात नुसता खडखडाट होतो, म्हणून ते घरीच ठेवते. भाव कळत नाही म्हणून नोट पुढं करते. हे बाजारात कुणालाच कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. तुझ्या सासऱ्यांना हाक मारून मारून काय वाटलं असेल, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी नगरपालिकेची नाही. लग्नाआधी मी कृषी विद्यापीठात कीटकांच्या विभागात काम करत होते. मग हेमचंद्रांची, म्हणजे माझ्या यजमानांची, इथल्या कारखान्यात नोकरी लागली, आम्ही अंबरनाथला आलो आणि ते सगळं मागं राहिलं. तुझ्या कोबीतली अळी ही माझी जुनी ओळखीची.

ती एका लहानशा राखाडी पतंगाची. संध्याकाळी कोबीतून चालताना बोटाच्या पेराहून लहान पतंग भुरभुर उडतात ना, तेच. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनी ठिपके ओळीनं दिसतात, म्हणून त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. तो पानामागं शिरेजवळ अंडी घालतो. अळी निघाली की आधी पानाच्या आत घुसते, मग बाहेर येऊन खरवडते. शेवटी जाळीदार कोषात झोपते आणि पतंग होऊन उडते. ऊन वाढलं की हे सगळं फार भराभर होतं.

आता औषधाचं. शंभर अळ्यांवर विष मारलं तर चार-पाच अशा असतात की ज्यांना ते पचतं. त्याच उरतात आणि पिल्लं त्यांचीच होतात. पुढच्या खेपेला जोर वाढवला तर त्यातूनही तगड्या तेवढ्या उरतात. म्हणजे नितीन अळी मारत नाही, निवडून पोसतो आहे. आणि जे कीटक या अळीला खातात ते मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात.

दुकानात बीटी नावाची, जिवाणूंपासून केलेली पावडर माग. ती अळीच्या पोटात गेली की अळीचं खाणं सुटतं, माणसाला त्रास नाही. उन्हात तिचा जोर जातो, म्हणून ऊन उतरल्यावर पानाच्या मागून मार. सारखी तीच नको, मध्ये निंबोळी अर्क मार. बांधाच्या कडेनं मोहरी पेर, घरातली फोडणीची चालेल. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, तो तिकडं वळतो. आणि संध्याकाळी झारीनं वरून पाणी घाल. पतंगांच्या जोड्या जमायची वेळ तीच असते, ती मोडते.

एक गोष्ट रागावलीस तरी लिहिते. फवारणीनंतर नितीनला दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी बारीक, असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. बाटली विसरू नका. डॉक्टरला तीच सगळं सांगते.

उमा


अंबरनाथ पूर्व
२५ जानेवारी २०२५

प्रिय रविना,

भीमाभाऊ बरेच दिवस बाजारात नाहीत. त्यांची जागा रिकामी असते. शेजारी मुळा विकणाऱ्या बाई तुमच्याच बाजूच्या आहेत, त्यांच्याकडे ही चिठ्ठी देते आहे.

मी तुला दुखावलं का? तुझ्या नवऱ्याला अळ्या पोसणारा म्हटलं, ते लागलं असेल. कागदावर सूर कळत नाही, आणि मला तर आता माणसांच्या बोलण्यातलाही कळत नाही. हेमचंद्र म्हणाले, "एवढी शिकवणी कुणी मागितली होती तुझ्याकडे? दुसऱ्याच पत्रात धडा दिलास." ते हे पाटीवर लिहून दाखवतात, त्यामुळं त्यांचं चिडणंसुद्धा शुद्धलेखनासारखं दिसतं.

पण रविना, तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी माळ्यावरून माझं जुनं भिंग काढलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला काही विचारलं होतं. ऐकू येईनासं झाल्यापासून लोक मला फक्त सांभाळतात. विचारत कुणी नाही.

पत्र लिहायचं नसेल तर नको लिहूस. सगळे बरे आहात एवढं कळव.

उमा


बारवीकडचा पाडा
३० जानेवारी २०२५

उमाताई,

मॅडम लिहायला आता हात वळत नाही, म्हणून ताई लिहिते.

तुम्ही मला दुखावलं नाही. तुम्ही माझ्या मालकांना वाचवलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते नितीनला वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "शहरात बसून बोलायला काय जातंय?" दुसऱ्या दिवशी दुपारी पंप पाठीवर घेऊन गेले. वारा होता, औषध उलटं अंगावर येत होतं. मी बांधावर मोहरी टाकत होते. बघते तर ते कोबीत मधेच खाली बसलेले. मला वाटलं पाय मुरगळला. जवळ गेले तर अंगातून पाण्यासारखा घाम, तोंडातून लाळ, आणि मी त्यांचे डोळे बघितले. बुबुळं नव्हतीच जणू. नुसतं टिंब.

सासूबाई ओरडत आल्या, "बाय, नजर लागली, मीठ-मिरची आण." गावातली माणसं म्हणाली ताक पाजा. मी पहिल्यांदा सासूच्या अंगावर ओरडले, ताई. म्हटलं, "कुणी काय पाजायचं नाय! कपडे काढा त्यांचे!" तिथंच ओहोळावर साबणानं धुतलं. बाबांनी टेम्पो आणला. मी धावत मागं जाऊन तिन्ही बाटल्या ओच्यात घेतल्या.

बदलापुरातून पुढं उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तोवर त्यांना श्वास घेता येत नव्हता, घरघर लागली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय प्यायलाय? त्यांना वाटलं जीव द्यायला औषध घेतलं. मी म्हटलं नाही, फवारलंय, आणि बाटल्या पुढं केल्या. त्यांनी एक उचलली, नाव वाचलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. नंतर म्हणाल्या, "बाटली कुणी आणायला सांगितली तुला?" मी म्हटलं, अंबरनाथला आमची एक ताई आहे.

बरेच दिवस तिथंच होतो. सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या, बाबा बाहेर बाकावर झोपायचे. म्हणून बाजार बंद. आता नितीन घरी आहेत. हातातला पेला थरथरतो, पण बोलतात, जेवतात. काल स्वतः उठून गोठ्यापर्यंत गेले.

आता मळ्याचं. फवारायला कोणी नव्हतंच, त्यामुळे खाचरातला कोबी नुसता देवावर सोडलेला. मी घरी आल्यावर बघायला गेले. अळी आहे, भरपूर आहे. पण पानामागं आणखी एक नवीन रोग आलाय. पांढरं, तांदळाच्या कणीसारखं, चिकटलेलं. सासूबाई म्हणतात ही अळीची अंडी आहेत, आणि दोन वाफ्यांतली चिरडून पण टाकली. बाबा उद्या बाजारात येतात, त्यांच्याबरोबर एक पान पाठवते. हे काय आहे आणि याला काय मारायचं, लवकर सांगा. मी एकटीनं बीटी मारायला शिकले आहे.

रविना


अंबरनाथ पूर्व
३१ जानेवारी २०२५

रविना, रविना,

आधी हे वाच, बाकीचं नंतर. पांढऱ्या कण्या चिरडू नका. एकही नाही. चंद्रीबाईंना आत्ताच्या आत्ता मळ्यातून बाहेर बोलाव.

पान पाकिटातून काढून भिंगाखाली धरलं आणि मी घरात एवढ्या मोठ्यानं ओरडले की हेमचंद्र आंघोळीतून टॉवेल गुंडाळून धावत आले. मला माझा आवाज ऐकू येत नाही ना.

ही अंडी नाहीत, हा रोगही नाही. ही एका इवल्या गांधीलमाशीची घरं आहेत. मुंगीएवढीही नसते ती, माणसाला चावत नाही. ती हिरव्या अळीला शोधून तिच्या अंगात आपलं अंडं टोचते. आतलं पिल्लू अळीला खाऊन मोठं होतं, बाहेर येतं आणि शेजारीच रेशमाचा पांढरा कोष विणतं. कणीच्या बाजूला सुकलेली अळी दिसेल, बघ. विद्यापीठात मी ह्याच माश्या वाढवायचे. काचेच्या पेट्यांत, मधाचं बोट लावून.

ओळखायचं असं. जाळीदार, आतलं हिरवट दिसतं, तो पतंगाचा कोष. तो चिरडा. घट्ट, पांढरा, आतलं काही दिसत नाही, तो आपला. त्याला हात लावू नका.

त्या माश्या तुमच्या रानात पहिल्यापासून असणार. फवारणी थांबली तेव्हा परत आल्या. कुणी बोलावल्या नाहीत. बीटीनं त्यांना अपाय होत नाही, तू मारत राहा.

आता नितीनचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बाटल्यांपाशी थांबले. माझे आभार मानू नकोस. मी चार ओळी लिहिल्या होत्या. सासूवर ओरडून, गावाला बाजूला सारून, ओच्यात विष घेऊन धावली ती तू. मी फक्त एवढ्यासाठी देवाचे आभार मानते, की तो वासाचा कोबी मी गुपचूप फेकून दिला नाही.

नितीनला अजून बराच काळ फवाऱ्याजवळ जाऊ देऊ नकोस. बीटीच्यासुद्धा. अंगात त्राण येऊ दे.

उमाताई


बारवीकडचा पाडा
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय उमाताई,

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी आपलीच माणसं मारली?" आता त्या मळ्यात कोणाला शिरू देत नाहीत. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला पान उलटवून दाखवतात आणि सांगतात, ही अंबरनाथच्या बायची माशी.

सगळा मळा वाचला असं नाही, खोटं कशाला लिहू? ओहोळाकडचा कोपरा गेला. पण बाकीचा गड्डा भरला. मोहरी उगवली आणि अळ्यांनी ती अशी खाल्ली की नुसत्या काड्या राहिल्या, तिथंच मी बीटी जास्त मारली. बाहेरच्या पानांना भोकं आहेत. बाबा अंबरनाथला बसतात तेव्हा गिऱ्हाईक भोक बघून नाक मुरडतं, तर बाबा सांगतात, "भोक हाय म्हणून घ्या. अळीनं खाल्लं ते तुम्हाला बाधायचं नाय." ते असं बोलायला लागले म्हणून मी बघतच राहिले. तुम्हाला बघितलं की आता हाक मारत नाहीत, समोर येऊन हात हलवतात, असं म्हणाले. खरं का?

वीटभट्टीचा मुकादम येऊन गेला. नितीननी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. त्या दिवशी मी भाकऱ्या थापताना गाणं म्हणत होते, असं सासूबाई सांगतात.

तुम्ही या ना. मळा बघायला. नितीन म्हणतात, ताईंना विचार, येतील का? मी विचारलं, तुम्ही का नाही लिहीत? तर म्हणाले, हसलो होतो त्यांना, कोणत्या तोंडानं लिहू?

रविना


अंबरनाथ पूर्व
३ मार्च २०२५

प्रिय रविना,

घरी नीट पोचलो. हेमचंद्र गाडीतच झोपले, मांडीवर तुझ्या सासूबाईंनी दिलेली वालाची पिशवी घट्ट धरून.

खरं सांगू, येताना मला धास्ती होती. अनोळखी घर, एवढी माणसं, सगळे एकदम बोलणार आणि मी नुसती मान डोलावत बसणार. लग्नकार्यांत माझं हेच होतं, म्हणून जाणंच सोडलं होतं. पण चंद्रीबाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. बोलायच्या त्या माझ्याकडे तोंड करून, सावकाश, हातवारे करत. भाजी कशी केली तेसुद्धा त्यांनी हातांनी सांगितलं. मला सगळं कळलं. आमच्या सोसायटीत जे कुणाला सुचलं नाही, ते त्यांना कुणी शिकवलं?

आणि नितीन. तो मला वाफ्यांतून नेत होता, एकेक पान उलटत. एका पानावर ती माशी कोषातून निघताना दिसली. टोपण उघडल्यासारखी कडा कापून, ओले पंख घेऊन. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, ओठही दिसले नाहीत. मी विचारलं, काय? त्यानं मान हलवली आणि माझ्या पायांना हात लावला.

अनीशचा, माझ्या मुलाचा, बंगळूरहून मेसेज होता. आई, तिथं बसून काय करतेस, इकडे ये. मी त्याला कळवलं, सध्या सवड नाही. किती वर्षांनी हे वाक्य लिहिलं! तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानायचे, मला समजत नाही.

एक काम उरलं आहे. कोबी काढून झाला की बुंधे आणि राहिलेली पानं शेतात पडू देऊ नका. पतंग त्यावरच उन्हाळा काढतो. सगळं उपटून खड्ड्यात पुरा. फक्त पांढऱ्या कण्यांची पानं आधी वेचून ठेवा. त्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माश्यांना जगायला दुसरीकडची अळी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

उमाताई


बारवीकडचा पाडा
१२ मार्च २०२५

प्रिय उमाताई,

काल शेवटचा कोबी काढला. बुंधे उपटून पुरले. सासूबाईंनी आणि मी पहाटेपासून कणीची पानं वेचली, दोन टोपल्या भरल्या. वर ओला पंचा टाकला.

पलीकडच्या पाड्यावर हरिचंद्रचा फ्लॉवर उशिराचा आहे, त्याला अळी लागलीय असं ऐकलं होतं. आमचं आणि त्याचं पाण्यावरून भांडण आहे, चार वर्षं कोणी कोणाच्या दारात जात नाही. मी म्हटलं, टोपल्या मी नेऊन ठेवते बांधावर, न बोलता. नितीन म्हणाले, "मीच जातो." आणि टोपली डोक्यावर घेतली. पाय अजून चढाला कापतात त्यांचे, म्हणून दुसरी टोपली घेऊन मी मागं गेले.

हरिचंद्र शेतातच होता. उघड्या अंगानं, बादलीत काठीनं औषध ढवळत. आम्हाला बघून ताठ उभा राहिला. म्हणाला, "काय काम काढलं?"

नितीन बांधावरच थांबले. टोपली उतरवली. म्हणाले, "भाऊ, ती बादली खाली ठेव. मला बघ, मी मरून आलोय त्यातनं."

हरिचंद्रनं नितीनकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. काठी तशीच हातात. मग नितीन त्याच्या वाफ्यात उतरले, फ्लॉवरचं एक पान उलटं केलं आणि त्याला म्हणाले, "ये. दाखवतो." हरिचंद्रनं काठी बादलीत सोडली आणि आला. दोघं उकिडवे बसले. मी बांधावरून बघत होते. नितीन बोट लावून सांगत होते, ही आपली नाय, हिला मार. मग आमच्या टोपलीतलं पान पुढं करून, ही आपली, हिला जपायचं. तुम्ही त्यांना सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मग हरिचंद्रनं त्याच्या बायकोला हाक मारली, चहा टाक म्हणाला. आणि आम्ही चौघांनी मिळून फ्लॉवरच्या सावलीसावलीनं ती पानं ठेवली.

तुमची,
रविना